दिव्याखालचा अंधार : प्रोजेक्टरचा इतिहास आणि तो चालवणाऱ्याची जबाबदारी



या मालेत आपण बहुतेक वेळा विचारांचा इतिहास पाहतो. आज एका वस्तूचा इतिहास पाहू. ती वस्तू हल्ली कुठल्याही सभागृहात असते. खुर्च्यांच्या मधल्या वाटेत, एखाद्या स्टुलावर ठेवलेला अडीच-तीन किलोचा डबा. आपण त्याला प्रोजेक्टर म्हणतो. शाळेत, ग्रामपंचायतीच्या सभेत, गणेशोत्सवाच्या मांडवात, लग्नाच्या हॉलमध्ये, सगळीकडे तो पोचला आहे. गंमत अशी की त्याच्याकडे कोणी पाहत नाही. तो जे दाखवतो तिकडेच सगळ्यांची तोंडं असतात.

विषय ऐकून काही मंडळींनी आम्हाला विचारलं, "सर, तत्त्वज्ञानवाल्यांना यात काय करायचंय?" प्रश्न रास्त आहे. आम्ही उलट विचारतो: या डब्याबरोबर सूचनांची जी पुस्तिका येते, ती तुमच्यापैकी कितीजणांनी वाचली? भिंगात पाहू नका. हवेची छिद्रं झाकू नका. पंखा थांबेपर्यंत वायर काढू नका. जळणाऱ्या वस्तू जवळ ठेवू नका. किती कंटाळवाणी वाक्यं! पण इतिहासाच्या उजेडात वाचली, तर यातल्या बऱ्याच वाक्यांमागे एकेक जुनी जखम दिसते. कोणीतरी भाजलेलं असतं, कोणीतरी गुदमरलेलं असतं. त्या जखमांचा माग काढायचा, हा आजचा कार्यक्रम.

सुरुवात आमच्या घरच्या उदाहरणानं करतो, म्हणजे प्लेटोपासून. 'रिपब्लिक'च्या सातव्या भागातलं गुहेचं रूपक तुम्हाला ठाऊक आहे. माणसं गुहेत बांधलेली आहेत. तोंडं भिंतीकडे. त्यांच्या पाठीमागे, उंचावर आग पेटलेली आहे. आग आणि माणसं यांच्या मधून काही लोक निरनिराळ्या आकृत्या घेऊन जातात, त्यांच्या सावल्या समोरच्या भिंतीवर पडतात, आणि बांधलेली माणसं त्या सावल्यांनाच खरं मानतात. आम्ही वर्षानुवर्षं हे रूपक शिकवलं. शिकवताना सगळा भर कैद्यांवर असतो: त्यांचं अज्ञान, त्यांची सुटका, बाहेरचा सूर्य. त्या आगीत लाकूड कोण घालतं, हा प्रश्न वर्गात कधी येत नाही. धूर कुठून जातो? ठिणगी उडाली तर बांधलेल्या माणसांचं काय होईल? आता यंत्राच्या बाजूनं बघा. अंधारात बसलेली माणसं, पाठीमागे प्रखर दिवा, समोर चित्र, आणि दिव्याशी बसलेला एक न दिसणारा माणूस. प्रोजेक्शनची सगळी मांडणी इथं आहे. आज आपल्याला त्या न दिसणाऱ्या माणसाबद्दल बोलायचं आहे.

यंत्र म्हणून प्रोजेक्टरचा जन्म सतराव्या शतकातला. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्सच्या कागदपत्रांत १६५९ सालची काही छोटी रेखाटनं आहेत. एक सांगाडा आपली कवटी काढतो आणि परत बसवतो, अशी ती चित्रं. काचेवर काढून, मागे दिवा आणि पुढे भिंग ठेवून भिंतीवर पाडण्यासाठी. पुढे याला 'लॅटर्ना मॅजिका', म्हणजे जादूचा कंदील, असं नाव पडलं. हायगेन्सला मात्र या शोधाची लाजच वाटायची. शनीच्या कड्याचं कोडं सोडवणारा, लंबकाचं घड्याळ करणारा माणूस तो. भुताखेतांची चित्रं दाखवणारं खेळणं त्याला कमीपणाचं वाटे. १६६२ साली त्याच्या वडिलांना हा कंदील पॅरिसला राजदरबारी दाखवायचा होता. तेव्हा हायगेन्सनं तिथल्या धाकट्या भावाला पत्रातून सुचवलं, की यंत्रातलं भिंग हळूच काढून ठेव, म्हणजे ते चालणारच नाही.

याच हायगेन्सच्या ओळखीत, हेगजवळच्या व्होरबर्ग गावी, भिंगं घासून पोट भरणारा एक माणूस राहत होता. त्याचं नाव बारूख स्पिनोझा. त्यानं घासलेल्या भिंगांची वाखाणणी हायगेन्सनं आपल्या पत्रांत केली आहे. स्पिनोझा १६७७ मध्ये फुप्फुसाच्या आजारानं गेला. वय अवघं चव्वेचाळीस. काचेच्या धुळीनं तो आजार बळावला असावा, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. 'नीतिशास्त्रा'चा कर्ता दिवसभर काच घासत होता आणि ती धूळ त्याच्या छातीत जात होती, हे आम्हाला विसरता येत नाही. उजेड नीट पडावा म्हणून कोणाचं तरी शरीर झिजतं. ही गोष्ट सुरुवातीपासूनची आहे.

आता दिव्याकडे वळू. प्रोजेक्टरचा इतिहास हा मुळात दिव्याचा इतिहास आहे. यामागचं गणित साधं आहे. पडद्यावरचं चित्र दुप्पट रुंद केलं की ते दुप्पट उंचही होतं, म्हणजे क्षेत्रफळ चौपट होतं, आणि तेवढाच उजेड चौपट जागेत पसरल्यामुळे चित्र चार पटींनी मंद दिसतं. श्रोते वाढले की पडदा मोठा लागतो. पडदा मोठा झाला की दिवा प्रखर लागतो. आणि प्रखर दिवा म्हणजे, विजेच्या आधीच्या काळात, अधिक धोकादायक आग.

सुरुवातीला मेणबत्ती आणि तेलाचा दिवा. एका खोलीतल्या पाच-पंचवीस माणसांना तो पुरे. एकोणिसाव्या शतकात चुन्याचा दिवा आला, ज्याला 'लाइमलाइट' म्हणतात. ऑक्सिजन आणि हायड्रोजनची ज्योत चुन्याच्या खड्यावर सोडायची. खडा तापून असा पांढराशुभ्र उजळतो की मोठं नाट्यगृह उजळून निघावं. पण हे दोन वायू ठेवायचे कुठे? बरीच वर्षं ते रबरी पिशव्यांत भरत. पिशवी दोन फळ्यांत दाबून वर वजनं ठेवायची, म्हणजे वायू सारख्या दाबानं ज्योतीकडे जातो. आता कल्पना करा: अंधारात कोणाचा तरी धक्का लागला, वजन सरकलं, दाब बिघडला, आणि एक वायू दुसऱ्याच्या पिशवीत शिरला. मग स्फोट व्हायला वेळ लागत नसे. त्या काळच्या कंदीलवाल्यांना चित्रांपेक्षा या पिशव्यांवर जास्त लक्ष ठेवावं लागे. आज आपण सांगतो, की प्रोजेक्टर डगमगत्या टेबलावर ठेवू नका, येण्याजाण्याच्या वाटेत ठेवू नका. ही शिस्त इतकी जुनी आहे.

आपल्याकडे हा कंदील आला, तेव्हा त्याचं एक देखणं मराठी बारसं झालं. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे मुलगे यांनी १८९२ च्या सुमारास मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले आणि त्याला नाव दिलं 'शांबरिक खरोलिका'. शंबर हा मायावी असुर. त्याची विद्या ती शांबरी, म्हणजे माया. नाव ठेवणाऱ्याला तत्त्वज्ञान कळत होतं, असं आम्हाला नेहमी वाटतं. या खेळातल्या काचा हातानं रंगवलेल्या असत. पुराणातल्या कथा, सर्कशीतले देखावे, आणि जोडीला निवेदन. एकाच आकृतीच्या जराशा वेगळ्या मुद्रा एकामागून एक दाखवून हालचालीचा भास ते निर्माण करत. सिनेमा भारतात यायच्या आधीची ही गोष्ट आहे. एवढीशी काच रंगवायची, तर ब्रशाची एक चूक पडद्यावर हातभर दिसणार. शिवाय भिंगामुळे प्रतिमा उलटी होते, म्हणून प्रत्येक काच कंदिलात उलटी सरकवायची. काळोखात, गरम धातूच्या डब्याशी बसून, ओळीनं, न चुकता. निवेदन करणाऱ्याला टाळ्या मिळत असतील. काच सरकवणाऱ्याची बोटं भाजत असतील, ती कोणाला दिसत नसतील.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा पहिला खेळ झाला. तिकीट एक रुपया. ही तारीख आपल्याकडे सिनेमाच्या प्रत्येक पुस्तकात असते. तिच्यानंतर दहा महिन्यांनी आलेली दुसरी तारीख मात्र फारशी कोणी सांगत नाही. ती आहे ४ मे १८९७.

त्या दिवशी पॅरिसमध्ये एक धर्मादाय बाजार भरला होता, 'बझार द ला शारिते'. लाकडी सांगाडा, त्यावर कापड, रंगवलेले पडदे, जुन्या काळच्या रस्त्याचा देखावा. आपल्या भाषेत सांगायचं तर मांडवच. श्रीमंत घरांतल्या बायका गोरगरिबांच्या मदतीसाठी दुकानं मांडून बसल्या होत्या. एका कोपऱ्यात नवलाईचा सिनेमा. प्रोजेक्टरचा दिवा ईथर आणि ऑक्सिजनवर चालणारा होता. ईथर संपलं, म्हणून ते पुन्हा भरायला घेतलं. जागा अंधारी, अरुंद. काही दिसेना म्हणून सहायकानं काडी ओढली. ईथरच्या वाफेनं पेट घेतला, आणि काही मिनिटांत सगळा मांडव जळाला. सव्वाशेच्या आसपास माणसं गेली, त्यांत बहुसंख्य बायका. ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीची सख्खी बहीणही त्यांत होती.

ही घटना आम्ही मुद्दाम बारकाईनं सांगितली. इथं दुष्ट कोणीच नाही. कोणी निष्काळजी होता असंही सरसकट म्हणता येत नाही. दिसत नव्हतं म्हणून त्यानं उजेड केला. शेकडो माणसांना उजेड दाखवणारा माणूस स्वतः अंधारात होता. 'दिव्याखाली अंधार' ही आपली म्हण इथं अक्षरशः खरी ठरली. त्यातून निघणारा पहिला नियम असा: यंत्र हाताळणाऱ्याला स्वतःचे हात दिसतील इतका उजेड हवा, आणि दिव्यात काही भरायचं, बदलायचं असेल तर ते खेळ थांबवून, दिवा विझवून आणि थंड झाल्यावर करायचं.

पुढे कार्बन आर्कचा दिवा आला. दोन कोळशाच्या कांड्या, मध्ये विजेचा लखलखाट. ईथर गेलं, पण फिल्म स्वतःच ज्वालाग्राही होती. सेल्युलोज नायट्रेट हे रसायन बंदुकीच्या कापसाच्या कुळातलं. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे एकदा पेटलं की ते पाण्याखालीसुद्धा जळत राहतं. अशी फिल्म धगधगत्या दिव्यापुढून सेकंदाला सोळा ते चोवीस चौकटींच्या वेगानं सरकवायची. ती मध्येच अडकली आणि चौकट दिव्यासमोर थांबली, की पेटलीच. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सिनेमागृहांत मुख्यतः अशीच फिल्म चालत असे. तिचा धोका किती टिकाऊ होता हे पुण्यानं पाहिलं आहे. जानेवारी २००३ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मांच्या साठ्याला आग लागली आणि जुन्या चित्रपटांचा मोठा ठेवा जळून गेला.

आता इतिहासातला एक फाटा पाहा, कारण आमच्या मते आजच्या विषयाचा गाभा तिथं आहे. आगीच्या भीतीनं ब्रिटनमध्ये १९०९ साली सिनेमॅटोग्राफ कायदा झाला. प्रोजेक्टर प्रेक्षकांपासून वेगळ्या, आग न पसरणाऱ्या खोलीत हवा, आणि खेळासाठी परवाना हवा, असा त्याचा रोख. हेतू चांगलाच होता. पण परवाना देणाऱ्याच्या हातात एकदा किल्ली आली, की तो फक्त आगीचा विचार करून थांबत नाही. लवकरच परवान्याच्या अटींमध्ये खेळ कोणत्या वारी करायचा हे आलं, मग काय दाखवायचं हेही आलं. भारतात १९१८ साली सिनेमॅटोग्राफ कायदा झाला, त्यात तर दोन्ही गोष्टी पहिल्यापासून एकत्र होत्या: सिनेमागृहाचा परवाना आणि चित्रपटाची तपासणी. १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून इथं तपासणी मंडळं बसली. परकी सरकारला आगीची काळजी होती, आणि पडद्यावरून लोकांच्या डोक्यात काय शिरतं याचीही होती. एकाच कायद्याच्या दोन कलमांत दोन्ही काळज्या मावल्या.

यावरून सुरक्षेचे कायदे नकोत, असा अर्थ कृपा करून काढू नका. सव्वाशे प्रेतं पाहिल्यावर कायदा करावाच लागतो. आमचा मुद्दा वेगळा आहे. जी काळजी माणसं आपण होऊन घेत नाहीत, ती घेण्याचा अधिकार दुसऱ्याकडे जातो, आणि अधिकार कधी एकटा येत नाही. त्याच्या पाठोपाठ इतर गोष्टी येतात. म्हणून मोकळेपणानं व्याख्यानं करायची असतील, लघुपट दाखवायचे असतील, गावोगाव लोकांशी बोलायचं असेल, तर आपलं यंत्र आपण शहाणपणानं चालवणं ही क्षुल्लक तांत्रिक बाब राहत नाही. ती नागरिकाची जबाबदारी होते.

महाराष्ट्रात ही जबाबदारी पेलणारी एक मोठी परंपरा होऊन गेली. जत्रांमधले तंबूतले सिनेमे आठवा. ट्रकवर बसवलेला प्रोजेक्टर, पुढे कापडाचा तंबू, आत जमिनीवर बसलेली शेकडो माणसं. धूळ, वारा, जनरेटर. अशा परिस्थितीत रात्र रात्र खेळ चालवणारे ऑपरेटर कुठल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले नव्हते. कान यंत्राच्या आवाजाकडे, नाक जळक्या वासाकडे आणि डोळा पडद्याकडे. आवाजात जरा फरक पडला की हात आपोआप यंत्राकडे जाई. हे ज्ञान पुस्तकात नव्हतं, पण ते ज्ञानच होतं. आमच्या विद्याशाखेनं त्याची दखल उशिरा घेतली, एवढंच.

आता डिजिटल काळात येऊ. १९८७ साली अमेरिकेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी एक चिप तयार केली, जिच्यावर सूक्ष्म आरशांची रांगोळीच मांडलेली असते. प्रत्येक आरसा केसाच्या जाडीपेक्षा लहान, आणि सेकंदाला हजारो वेळा इकडून तिकडे झुकणारा. झुकला की तो ठिपका उजळतो, फिरला की काळा होतो. १९९६ पासून या तंत्राचे प्रोजेक्टर बाजारात आले. दुसरं तंत्र द्रवस्फटिकाचं, म्हणजे एलसीडीचं. फिल्म गेली, काच गेली, ज्वाला गेली. पण दिवा राहिला! अनेक प्रोजेक्टरांमध्ये आजही पाऱ्याच्या वाफेचा दिवा असतो. क्वार्ट्झची सुपारीएवढी कुपी, आत दोन टोकांमध्ये मिलिमीटरभर अंतर, आणि चालू असताना आतला दाब वातावरणाच्या सुमारे दोनशे पट. कुपीचं तापमान नऊशे ते हजार अंश सेल्सिअसच्या घरात. म्हणजे पॅरिसचं ईथर गेलं, तरी स्टुलावरच्या त्या शांत डब्यात एक छोटी भट्टी आहेच.

हे कळलं की पुस्तिकेतल्या सूचना आपोआप अर्थपूर्ण होतात. आता आम्ही त्या क्रमानं सांगतो. ज्यांना उद्या शाळेत किंवा मंडळात प्रोजेक्टर लावायचा आहे त्यांनी लिहून घ्यायला हरकत नाही.

पहिली गोष्ट जागा. माणसं यायच्या आधी यंत्र लावा. पडद्याची रुंदी मोजा. पुस्तिकेत 'थ्रो रेशो' नावाचा आकडा असतो, त्यानं रुंदीला गुणलं की अंतर मिळतं. आकडा दीड असेल आणि पडदा दोन मीटर रुंद असेल, तर यंत्र तीन मीटरवर. टेबल भक्कम हवं आणि यंत्र सरळ पातळीत हवं. चित्र वाकडं दिसलं की लोक लगेच 'कीस्टोन'चं बटण दाबतात. त्यानं कडा सरळ दिसतात, पण चित्रातले ठिपके वाया जातात. त्यापेक्षा यंत्रच पडद्यासमोर सरळ ठेवा.

दुसरी गोष्ट वारा. कुपी थंड ठेवण्याचं काम आतला पंखा करतो, आणि त्याला श्वास घ्यायला वाट लागते. यंत्र उंच करायला खाली पुस्तकांची चवड रचतात आणि तळाची छिद्रं बुजतात. सतरंजीवर, गादीवर ठेवतात. आणि आमच्या कार्यक्रमांमधला खास प्रकार म्हणजे सत्काराची शाल! पाहुण्यांच्या खांद्यावरून निघते ती थेट प्रोजेक्टरवर विसावते. उद्घाटनाची समई जवळ, नारळाचं पाणी जवळ, हार जवळ. मांडव कापडाचा. मित्रहो, पॅरिसमध्ये याहून फार वेगळं काय होतं? यंत्राभोवती चारी बाजूंनी हातभर जागा मोकळी ठेवा. धुळीच्या गावात जाळी महिन्यातून एकदा तरी साफ करा. जाळी तुंबली की द्रवस्फटिकाचे पडदे उष्णतेनं खराब होतात आणि चित्र पिवळं पडू लागतं.

तिसरी गोष्ट वीज. तीन पिनांची वायर असेल तर तिसरी पिन अर्थिंगची. ती मोडून दोन पिनांच्या भोकात घुसवू नका. यंत्राच्या एक्स्टेन्शन बोर्डावर चहाची किटली किंवा हीटर लावू नका. वायरचं रीळ पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर आतून तापते. जनरेटर असेल तर तो सुरू होऊन स्थिर होऊ द्या, मग यंत्र जोडा. आणि वायर लोकांच्या पायांतून नेऊ नका. न्यावीच लागली तर जमिनीला चिकटपट्टीनं पूर्ण चिकटवा. अंधारात म्हातारं माणूस अडखळलं, तर मांडीचं हाड मोडतं आणि त्याची पुढची सगळी वर्षं बदलतात. सत्तरी ओलांडल्यावर हे वाक्य आम्हाला फार गंभीर वाटू लागलं आहे.

चौथी गोष्ट डोळे. दिवा चालू असताना भिंगात पाहू नका. लहान मुलांना उजेडाची ओढ असते, ती वाकून आत बघतात. म्हणून यंत्र त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवू नका. लेझरच्या यंत्रांना हे जास्तच लागू आहे. चित्र थोडा वेळ लपवायचं असेल तर रिमोटवरचं बटण वापरा. भिंगाचं झाकण लावून दिवा चालू ठेवला तर सगळा उजेड त्या झाकणावर एकवटतो आणि ते वितळू शकतं. पुस्तक किंवा पुठ्ठा समोर धरणं याच जातीचं.

पाचवी गोष्ट शेवट. कार्यक्रम संपला की आपल्याकडे आवराआवरीची घाई. राष्ट्रगीत संपायच्या आत कोणीतरी वायर ओढतं. दिवा असलेलं यंत्र आधी बटणानं बंद करायचं. मग पंखा दोन-तीन मिनिटं चालतो, तो थांबला की वायर काढायची. मध्येच वीज गेली तर लगेच पुन्हा चालू करायची धडपड नको. कुपी निवू द्या. आणि कुपी फुटलीच, तर माणसांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, आणि काचेच्या तुकड्यांना उघडा हात लावू नका, कारण आत पारा आहे. असे तुकडे नेहमीच्या कचऱ्यात टाकायचे नसतात.

हायडेगरनं १९२७ च्या 'सत्ता आणि काल' या ग्रंथात हातोड्याचं उदाहरण घेतलं आहे. हातोडा नीट चालत असतो तोवर आपल्याला हातोडा दिसतच नाही, फक्त काम दिसतं. तो मोडला की मग वस्तू म्हणून समोर येतो. निरीक्षण उत्तम आहे. पण प्रोजेक्टरच्या इतिहासाकडे पाहून आम्ही त्याला एक पुस्ती जोडतो. काही वस्तू अशा असतात, की त्या मोडेपर्यंत थांबणं परवडत नाही. त्या चालू असतानाच कोणीतरी त्यांच्याकडे पाहत राहावं लागतं, बाकीच्यांना तसं पाहावं लागू नये म्हणून.

वेळ होत आली आहे, पण एक चिठ्ठी आली आहे, तिचं उत्तर देतो. प्रश्न असा: "आता एलईडी आणि लेझरचे प्रोजेक्टर आले. त्यांत पारा नाही, दिवा बदलायचा नाही, लगेच बंद करता येतात. मग ही सगळी काळजी जुनी झाली नाही का?"

प्रश्न चांगला आहे आणि अर्धा बरोबर आहे. पारा गेला, उच्च दाबाची कुपी गेली, हे खरंच मोठं सुख आहे. ज्याला नवं यंत्र घ्यायचं आहे त्यानं हा विचार जरूर करावा. पण उष्णता राहिलीच, म्हणून पंखा आणि छिद्रं राहिली. वायर राहिली. काही छोट्या यंत्रांत आता बॅटरी असते, तिची वेगळी काळजी आली. डोळ्यांचा धोका तर लेझरमुळे वाढतोच. तेलाचा दिवा गेला तेव्हा लोक म्हणाले, चला, आता सुटलो. मग वायूच्या पिशव्या आल्या. वायू गेला, तर नायट्रेट आलं. नायट्रेट गेलं, तर पारा आला. प्रत्येक पिढीला आपलं यंत्र निर्धोक वाटलं आहे, आणि प्रत्येक पिढीत कोणाला तरी दिव्याशी जागं बसावं लागलं आहे.

तेव्हा आमची एक साधी विनंती. तुमच्या संस्थेत, शाळेत, मंडळात हे काम बहुधा कोणा पोरसवदा कार्यकर्त्याच्या गळ्यात पडतं. "अरे, ते प्रोजेक्टरचं तेवढं बघ," असं त्याला कोणीतरी ओझरतं सांगतं. त्याला ओझरतं सांगू नका. अर्धा तास आधी बोलवा, पुस्तिका हातात द्या, हात दिसतील एवढा छोटा दिवा द्या, बसायला खुर्ची द्या. कार्यक्रम कधी थांबवायचा हे ठरवण्याचा अधिकारही द्या. जळका वास आला तर व्याख्यात्याचं वाक्य पूर्ण व्हायची वाट त्यानं पाहता कामा नये. आणि आभारप्रदर्शनात त्याचं नाव घ्या, वक्त्याच्या आधी घेतलंत तरी आमची हरकत नाही.